आबांचं थांबलेलं पान

नवऱ्याला नाही, भावाला नाही, आईला तर नाहीच — ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आबांना ओळखत नाही, म्हणून असेल.

आबा म्हणजे माझे वडील. आईबरोबर डिंगोऱ्याला राहतात. तरुणपणी मेंढरांमागे हिंडले, शाळा चौथीपर्यंतच. पण वाचनाचं वेड असं, की भेळेचा कागदही वाचून मगच टाकायचे. पुढे बारीक अक्षर दिसेना, तेव्हा मी त्यांना ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायचं यंत्र, घ्यायचं ठरवलं. किती चौकशी केली! मोबाइलसारखे डोळे दुखत नाहीत, उन्हात ओट्यावर बसूनही स्वच्छ दिसतं, गावात लाइट नसली तरी चार्जिंग आठवडे पुरतं, आणि अक्षर हवं तेवढं मोठं. मंचरला मी शिकवते त्या शाळेत सगळ्यांना सांगत सुटले — आमचे आबा या वयात ई-रीडरवर वाचतात! आबा त्याला 'पाटी' म्हणायचे.

ती पाटी माझ्याच ऑनलाइन खात्याला जोडलेली होती. त्यामुळे — इथं जरा अडखळायला होतं — तेच पुस्तक मी माझ्या मोबाइलवर उघडलं, की आबा कितव्या पानावर आहेत ते दिसायचं. रोज बघायचे. दहा पानं, कधी वीस. त्यांच्या शेजारी बसल्यासारखं वाटायचं. मग पानं कमी होत गेली. आणि एका पानावर आबा थांबले. आठवडा गेला, महिना गेला — पान तेच.

फोनवर विचारलं तर म्हणाले, "वाचतोय की गं. लई रंगलंय."

आबा खोटं बोलत होते. मला कळलं होतं. आणि मी काय म्हणाले? "वा!" म्हणाले.

दिवाळीला गेले तेव्हा पाटी हातात घेऊन बघितली. अक्षर सगळ्यात मोठं केलेलं, एका ओळीत जेमतेम दोन शब्द. समोर आबा चहाची बशी चाचपत होते. याहून आणखी काय दिसायला हवं होतं मला? पण विचारलं असतं तर त्यांना मंचरला आणावं लागलं असतं. दवाखान्याच्या चकरा, दोन खोल्यांचं घर, सासूबाईंचा चेहरा, मुलीची दहावी... आणि एवढी मिरवलेली माझी भेट! डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं मी. परत आल्यावर मोबाइलवर ते पुस्तक उघडणंच बंद केलं.

उन्हाळ्यात आबा पायरीवरून पडले, तेव्हा कुठे डोळ्यांची तपासणी झाली. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर आता परत येत नाही. आधी आणलं असतं तर तेव्हा होती तेवढी तरी राखता आली असती. "कधीपासून कमी दिसतंय?" त्यांनी आबांना विचारलं. उत्तर मी दिलं — "आत्ताच, पडले तेव्हाच कळलं आम्हाला."

आईला वाचता येत नाही. आबा वाचतायत की नुसतीच पाटी धरून बसलेत, हे तिला कसं कळणार? तरी तेव्हापासून तिचा एकच धोशा — "चोवीस तास घरात मी, आन मला कळलं न्हाई. म्याच घालवलं त्यांचं डोळं."

परवा आबांच्या हातात भाकरी देता देता पुन्हा रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. "तुझी काही चूक नाही गं आई," म्हणाले — जशी काही मी तिला माफच करत होते. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "तू हायस म्हून बरं हाय बाई. तुलाच तेवढी काळजी त्यांची."

आबा तिथंच बसले होते. मी तिला तसंच रडू दिलं.