टेबलाखालचा जोड

आमच्या साडूंनी उभ्या जन्मात एकही चूक केलेली नाही. हे मी लोकांकडून नव्हे, तर खुद्द त्यांच्याच तोंडून, आणि तेही वर्षातून किमान दहा वेळा ऐकलेलं आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे, यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, मी साडू म्हणतो आणि ते मला, आमच्या लग्नाला इतकी वर्षं उलटली तरी, पावणंच म्हणतात. एकदा कामासाठी आजऱ्याला निघालेले साडू स्टँडवर राधानगरीच्या गाडीत चढून बसले. धो धो पावसात राधानगरीला उतरले, कुणा ओळखीच्याकडे मुक्काम ठोकला आणि दुसऱ्या दिवशी पाच किलो तांदूळ खांद्यावर टाकून घरी आले. आक्कांनी विचारलं तेव्हा म्हणाले, तांदूळ आणायलाच गेलतो. पुढे चार वर्षं ते दर पावसाळ्यात न चुकता राधानगरीला जाऊन तांदूळ आणत राहिले. चूक कबूल करण्यापेक्षा त्यांना एस.टी.चं तिकीट स्वस्त पडत असे.

धंदा त्यांचा ऑफिसांतून हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवून देण्याचा. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि कोल्हापुरातल्या व्यापाऱ्यांना एकाएकी वाटू लागलं होतं, की शेजारच्या पेढीत संगणक आला म्हणजे आपल्याकडे यायलाच पाहिजे. सगळा हिशेब कोपऱ्यातल्या एका मोठ्या संगणकात साठवलेला असायचा आणि बाकीचे संगणक त्यातूनच घ्यायचे, त्यातच ठेवायचे. त्या साठ्याला साडू डेटाबेस म्हणत, आणि हा शब्द उच्चारताना घरातल्या वडीलधाऱ्याचं नाव घ्यावं तसा आवाज खाली आणत. सॉफ्टवेअर चौदा फ्लॉप्यांवर असे. त्या ते स्टीलच्या डब्यात, भाकरी गुंडाळावी तशा धुतलेल्या फडक्यात गुंडाळून आणत. प्रत्येक संगणकाला ओळीनं चौदाही फ्लॉप्या घालाव्या लागत आणि अकरावी हटकून रुसायची. मग साडू ती बाहेर काढून शर्टाच्या आत काखेत पाच मिनिटं धरत, डोळे मिटून उभे राहत आणि पुन्हा घालत. ती चालायची. कशी, ते मी विचारलं नाही, कारण विचारल्यावर तासभर उत्तर मिळालं असतं. चौदावी आत जाईपर्यंत ते चहाला हात लावत नसत, आणि खुर्चीत तर कधीच बसत नसत. ज्याची खुर्ची त्यानंच बसावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

पण त्यांचा खरा जीव वायरीत. त्या काळी ऑफिसातले सगळे संगणक एकाच काळ्या वायरीत ओवलेले असत आणि प्रत्येक टेबलाखाली तिला एक जोड असे. कुठलाही एक जोड ढिला झाला की सगळ्याच्या सगळ्या पडद्यांवरचा हिशेब जागच्या जागी थांबायचा. त्यामुळे साडूंचं निम्मं आयुष्य टेबलांखाली रांगण्यात गेलं आणि गावातल्या निम्म्या व्यापाराला ते फक्त पायांवरून ओळखत. शिवाजी पेठेत एका लग्नात एक वजनदार आडत व्यापारी त्यांना नमस्कार करून उभे राहिले, तर साडूंच्या चेहऱ्यावर ओळखीचं चिन्हही उमटेना. मग नजर खाली गेली, कापशी चपलेतला वाकडा अंगठा दिसला आणि साडूंनी त्यांना कडकडून मिठी मारली. जोड करताना कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. आणि जोड झाला, की चिमटा खिशात टाकत ते मालकाला तोंडावर सांगत, की हा जोड माझा आहे, आपोआप सुटला तर धंदा सोडीन.

आमच्या शाहूपुरीतल्या ऑफिसात त्यांना मीच आणलं. आमचे मालक काजूचे व्यापारी, कारखाना आजऱ्याला आणि ऑफिस कोल्हापुरात. सहा टेबलं, सहा संगणक. साडूंनी आठ दिवसांत काम उरकलं आणि शेवटी त्यांची नेहमीची परीक्षा घेतली. सगळ्यांना आपापल्या जागी बसवलं, अण्णांना एक नोंद करायला लावली आणि दारात उभं राहून विचारलं, दिसलं का? पाचही टेबलांवरून एका दमात उत्तर आलं, दिसलं की. खाली रस्त्यावरची दोन माणसं थांबून वर बघू लागली. अण्णा तर स्वतःचीच नोंद मालकांच्या पडद्यावर बघायला उठून गेले आणि बराच वेळ बघत राहिले.

अण्णा म्हणजे आमचे जुने हिशेबनीस, शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातले. लहानपणी झाडावरून पडल्यापासून त्यांचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नसे. जाड तळाच्या काळ्या बुटातला तो पाय लांब करूनच बसावं लागे, आणि लांब केला की तो बरोबर माझ्या टेबलाखाली यायचा. निवृत्तीला त्यांची तीन वर्षं राहिली होती.

महिन्याभरात संगणक बंद पडू लागले. आठवड्यातून एकदा, मग दोनदा. बिलं निघेनात, दारात टेम्पो उभे, मालकांचा आवाज तिसऱ्या मजल्यावर. साडूंना फोन केला, तर ते आपल्या थाटात म्हणाले, की माझा जोड आपोआप सुटत नसतो, कुणाचा तरी पाय लागत असणार, आधी पाय शोधा. मालकांनी हे मनावर घेतलं. पाय शोधायला फार लांब जावं लागणार नव्हतं. सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं आणि अण्णांनी खाली. मालक म्हणाले, अण्णांना आजऱ्याच्या गोदामावर पाठवू, तिथं वायर नाही. रोज तो पाय घेऊन एस.टी.नं आजरा करणं म्हणजे नोकरी सोडणंच होतं, हे मालकांनाही कळत होतं आणि अण्णांनाही. मलाही कळत होतं आणि पाय कुठे लागतो ते तर सगळ्यांत आधी मला ठाऊक होतं. मी गप्प बसलो होतो. ह्याची मला आजही लाज वाटते.

निकाल लावायचा म्हणून मालकांनी साडूंना बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की कुणाचा पाय ते आज बघून सांगा. साडू नेहमीप्रमाणे कुणाशी न बोलता माझ्या टेबलाखाली शिरले. विजेरी धरायला मीही शिरलो. जोड वाकलेला होता आणि वायरीवर काळ्या पॉलिशचा हातभर पट्टा उमटला होता. शंकेला जागाच नव्हती. साडू दोन-तीन मिनिटं तसेच ओणवे राहिले. टेबलाखालून अण्णांचा बूट दिसत होता, त्याच्या जाड तळाला दोन ठिकाणी ठिगळ मारलेलं होतं. मग त्यांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, वायरीवरचं पॉलिश अगदी नीट पुसून घेतलं, रुमालाची घडी आतल्या बाजूनं घातली आणि बाहेर आले. केसांना जळमटं लागली होती.

"जोड कच्चा हाय," ते मालकांना म्हणाले. "माझीच चूक झाली."

हे तीन शब्द आक्कांनी बत्तीस वर्षांच्या संसारात कधी ऐकलेले नव्हते. मालक काय काय बोलले ते लिहीत नाही. इतके दिवस छाती पुढे काढून सांगणाऱ्या माणसाला सुनवायची संधी आयती मिळाली होती आणि त्यांनी ती सोडली नाही. सगळी वायर पदरमोड करून पुन्हा घालून द्यायची, असं ठरलं. साडूंनी दोन रविवार खपून ती जमिनीवरून काढली आणि भिंतीवरून, दारांच्या चौकटींवरून, जिथं कुणाचाच पाय पोचणार नाही अशी फिरवली. त्यानंतर आमच्याकडचं मशीन एकदाही बंद पडलं नाही. पण मालकांनी ही गोष्ट बाजारात मीठ-मसाला लावून सांगितली, आणि दोन पेढ्यांनी साडूंना सांगितलेलं काम सांगलीच्या माणसाला दिलं. आक्का माझ्यावर महिनाभर रुसून होत्या. साडू मात्र ह्या विषयावर चकार शब्द बोलले नाहीत. जोड केल्यावर धंदा सोडायची भाषाही त्यांनी बंद केली, आणि खरं सांगायचं तर त्या भाषेवाचून ते मला अर्धेच वाटू लागले.

तीन वर्षांनी अण्णा आपल्या खुर्चीवरूनच निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला साडूंना बोलवायचं, असा त्यांनीच हट्ट धरला होता. शाल झाली, नारळ झाला, मालक चार शब्द चांगले बोलले. अण्णा उत्तराला उभे राहिले. आभार वगैरे मानून झाल्यावर त्यांनी टेबलाचा आधार घेतला.

"मालक, त्या वक्ताला वायर सुटत हुती ती माझ्या पायानं," अण्णा म्हणाले. "ह्यांचा जोड पक्का हुता. मला म्हाईत हुतं, ह्यास्नी बी म्हाईत हुतं. पोरीचं लगीन ठरलं हुतं माझ्या, म्हणून मी तोंड उघडलं न्हाय."

मालक दारावरून गेलेल्या वायरीकडे बघत राहिले. साडू मागच्या रांगेतून उठले. आता तरी हा माणूस छाती पुढे काढील, अशी माझी खात्री होती, आणि मनातून मला ते हवंही होतं.

"न्हाय अण्णा," साडू म्हणाले. "कच्चाच हुता."

अण्णा म्हणाले पक्का, साडू म्हणाले कच्चा. पाच मिनिटं दोघांचं भांडण चाललं आणि शेवटी साडू इतके चिडले, की अण्णांनीच हात जोडून माघार घेतली. मग दोघं शेजारी बसून पेढा खात राहिले.

परत येताना साडू माझ्या स्कूटरवर मागे बसले होते. मी खोदून खोदून विचारत होतो. रंकाळा मागे पडल्यावर एकदम म्हणाले, "अण्णा उद्यापास्नं दिवसभर काय करणार हो, पावणं?"

आता साडूही घरीच असतात. गुडघे गेले, रांगणं संपलं, आणि सॉफ्टवेअर हल्ली कुठून कुठून परस्पर बसतं, त्यासाठी कुणाला टेबलाखाली जावं लागत नाही. आठवड्यातून एकदा त्यांचा फोन येतो. तुमच्या ऑफिसात सगळं नीट चाललंय न्हवं, एवढंच विचारतात. चाललंय म्हटलं की फोन ठेवतात. एखाद्या दिवशी खोटंच सांगावं, की बंद पडलंय, तुम्ही या, असं मला फार वाटतं. पण ते लगेच विचारतील, कुठला जोड, आणि आमच्या ऑफिसात आता वायरच राहिलेली नाही.