वर्गातलं गिऱ्हाईक

तमिळ मुलखातल्या आवडी गावच्या शाळेत आम्हाला अकरावीला कॉमर्स शिकवणारे सर दर शुक्रवारी हातात पिशवी घेऊन, गिऱ्हाईक बनून वर्गात यायचे. आम्ही काहीतरी विकायचं आणि त्यांनी नाक मुरडून विचारायचं, "का घेऊ, मा?" मा म्हणजे तमिळमध्ये पोरी. त्यांचं घराणं तंजावरचं मराठी, म्हणून माझ्याशी मराठीत बोलत. मी खडकीहून नुकतीच आलेली, तमिळ येत नव्हतं, मैत्रीण एकही नव्हती. माझी पाळी आली तेव्हा मी घाबरून खरं तेच बोलले.

"सर, हे पेन गळतं. तुम्ही नका घेऊ."

सर पोट धरून हसले. त्यांनी ते पेन घेऊन पांढऱ्या सदऱ्याच्या खिशाला लावलं आणि वर्गाला तमिळमध्ये आणि मग मला मराठीत सांगितलं, "हिच्या दुकानात मी पुन्हा येणार."

मधल्या सुट्टीत चौघीजणी डबे घेऊन माझ्या बाकावर आल्या.