गडग्यावरून उचललेली सायकल

नसरापूरला टेम्पोतून दोन सायकली उतरवल्या, तेव्हा रस्त्याकडेला वांगी विकत बसलेल्या मावशींनी विचारलं, "इकायला आनल्यात व्हय?"

"नाही मावशी. यातली कुठली घ्यायची ते ठरवायला आलोय."

"मंग त्ये दुकानात ठरवायचं की," त्या म्हणाल्या.

दुकानं पालथी घालून झाली होती. कपडे, अंथरूण, स्वयंपाकाचं किडुकमिडुक सगळं सायकलच्या सांगाड्याला बांधून मला एकटीनं कोकणात उतरायचं होतं. याला हल्ली बाइकपॅकिंग म्हणतात. एक सायकल भाच्याची, दोन्ही चाकांना शॉकअप असलेली. दुसरी भाड्याची, फक्त पुढे शॉकअप. माझं मन पहिलीवर होतं. गेल्या वर्षी मनगट मोडल्यापासून मला खड्ड्यांची धास्ती बसली आहे.

बरोबर माधवीताई होत्या, माझी मोठी नणंद. उंच, काटक, सायकलवर बरंच फिरलेल्या. एकटीनं जायचा माझा बेत घरात कुणालाच पसंत नव्हता. ताई म्हणाल्या होत्या, "आधी दोन दिवस माझ्याबरोबर चल. मग दादाला काय सांगायचं ते मी बघते." दादा म्हणजे माझा नवरा; तो धाकटा असला तरी ताईही त्याला दादाच म्हणतात.

दोन्हींवर सारखंच सामान बांधून आम्ही निघालो. विंझरपर्यंत भातखाचरं कापून मोकळी झाली होती, कुठे कुठे पेंढ्याच्या गंजी. भाच्याच्या सायकलवर मी जवळजवळ तरंगत होते. तिच्या मागच्या चाकाचा शॉकअप सांगाड्याच्या मधोमध असल्यामुळे पाण्याची बाटली अडकवायला जागा उरली नव्हती, म्हणून पाणी पाठीवर घेतलं होतं, एवढीच काय ती कुरकुर.

विंझरच्या पुढे एका खड्ड्यात गेले आणि रबर जळल्याचा वास आला. धक्का बसला की मागचं चाक वर येतं. मी बुटकी, माझी सीट खाली, त्यामुळे सीटमागची पिशवी थेट टायरवर घासत होती. पिशवीला भोक पडून आतली चादरही फाटली होती. आम्ही ती पिशवी हँडलवर बांधली. मग हँडल इतकं जड झालं की वळणावर सायकल मलाच वळवायला लागली.

वेल्ह्यात एका घरगुती खानावळीत मुक्काम केला. तांदळाची भाकरी, पावट्याची आमटी. सकाळी तोरण्यावरचं धुकं उठायच्या आत पासलीकडे लागलो. केळदच्या पुढे खिंड ओलांडली की भोरची बाजू. पण उतारावर रस्त्याचं काम चाललेलं. तिथला कामगार म्हणाला, "गाडी न्हाई जायची. ह्या ढोरवाटंनं खाली जावा, वस्तीपाशी पुन्हा रस्ता लागंल."

ढोरवाट (गुरं जायची पायवाट) कारवीच्या झुडपांतून उतरत एका गडग्याशी (नुसत्या दगडांची रचलेली भिंत) येऊन थांबली. भिंत माझ्या कमरेएवढी. पलीकडे धनगरांची दोन घरं आणि गोठा. एक बाई शेण भरत होत्या. "थांबा, आमच्या म्हाताऱ्याला हाक मारते, धरंल त्यो," त्या म्हणाल्या.

ताईंनी भाच्याच्या सायकलला हातही घातला होता. मी म्हणाले, "ताई, सोडा. कोकणात तुम्ही नसणार."

त्या बाजूला झाल्या. मी सायकल उचलली. पुढचं चाक कसंबसं दगडावर टेकलं, पण मागचा भार वर येईना. सांगाड्यात खांदा घालायला जावं तर मध्ये शॉकअप. दुसऱ्या प्रयत्नात मनगटातून कळ आली आणि सायकल माझ्यासकट कारवीत आडवी झाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता एकटीनं जाणं राहिलंच, असं वाटलं.

"ती दुसरी बघ," ताई शांतपणे म्हणाल्या.

भाड्याच्या सायकलच्या सांगाड्यात मध्ये शॉकअप नव्हता, फक्त पिशवी होती. मधली पिशवी सोडली, खांदा आत घातला आणि गुडघ्यांवर जोर देऊन उठले. सायकल वर आली. दगडावर टेकवली, चढून पलीकडे उतरले, तिला खाली घेतलं. मग पिशवी आणली. वेळ लागला, पण कुणाचा हात लागला नाही.

भाच्याची सायकल आम्ही दोघींनी मिळून अलीकडे घेतल्यावर ठकुबाईंनी, म्हणजे त्या धनगर बाईंनी, आम्हाला ताक दिलं. "येकलीच जानार व्हय?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"भ्या न्हाई वाटत?"

"वाटतं."

"वाटनारच," त्या म्हणाल्या आणि ताईंच्या पेल्यात आणखी ताक ओतलं.

पांगारीपासून भाटघर धरणाचं पाणी सोबतीला आलं. मी भाड्याचीच सायकल घेतली होती. खडीवरून उतरताना मनगट ठणकलं. टायरमधली हवा थोडी कमी केली, तेव्हा ठणका सोसण्याइतका झाला. गेला मात्र नाही.

भोरमध्ये मिसळ खाऊन संध्याकाळी कापूरहोळला पोहोचलो. टेम्पोची वाट बघताना ताईंनी दादाला फोन लावला. "जाऊ दे तिला," एवढंच म्हणून त्यांनी सायकलींचे पट्टे सोडायला घेतले.

दुसऱ्या आठवड्यात मी तशीच, एका मापानं लहान सायकल घेतली. आधी दुकानांतून हिंडताना मी कितीतरी सायकलींवर बसून पाहिलं होतं. उचलून एकही पाहिली नव्हती.