द्वारकाबाईंसाठी शोधलेला माइक

हसायचं नाही या बोलीवर सांगते हं! चहा उकळेपर्यंत ऐका. माणसाने एखाद्या गोष्टीत अक्कल चालवायची तरी किती? मी माइकमध्ये चालवली.

मी पाटोद्यात राहते आणि आसपासच्या गावांतल्या बचत गटांच्या बैठका घेते. त्यातल्या एका गावच्या बायका दर साली ऊसतोडीला जातात. यंदा त्यांची एकच मागणी होती. टोळीबरोबर एक बाई फक्त लेकरं सांभाळायला घ्यावी. गेल्या हंगामात त्यांच्यातल्या द्वारकाबाईंची नात उसाच्या फडात वाळल्या पाचटावर झोपली होती. ट्रॅक्टर मागे घेताना तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला.

बाई घ्यायची की नाही, हे टोळी नेणाऱ्या अंकुश मुकादमाच्या हातात. त्याला बैठकीला बोलवायचं ठरलं, आणि बायकांनी त्याच्यासमोर माइकवर बोलायचं, हेही ठरलं. म्हणजे मीच ठरवलं!

पण सरावाला माइक दिला की बायका दोन शब्दांत आटपायच्या. एरवी भडाभडा बोलणाऱ्या या बायकांना माइकसमोर होतं तरी काय? मला चैन पडेना. मंडपवाल्याकडचे एकूण एक माइक मी आणून पाहिले.

स्टँडचा ठेवला, तर बायका चार हात लांब थांबून त्याला चक्क नमस्कार करायच्या. हातातला दिला, तर हातवारे करताना माइकही फिरायचा. ‘लेकरं’ ऐकू यायचं आणि ‘सांभाळा’ जायचं खांबाकडे! मग पदराला लावायचा चिमट्याचा माइक आणला. द्वारकाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला की नुसती खरखर. घरी आमच्या ह्यांच्यावरही प्रयोग केले, पण ते ‘हॅलो, हॅलो’च्या पुढे जाईनात.

शेवटी सापडला! कानाला अडकवायचा, तोंडासमोर काडी येणारा, बिनतारी. हात मोकळे, पदर मोकळा. मला कोण आनंद झाला म्हणून सांगू!

बैठक मारुतीच्या देवळाच्या मंडपात होती. मुकादम जीप घेऊन आला आणि टेकायच्या आधीच म्हणाला, “लवकर उरका म्याडम, मला धर्मापुरीला जायचंय.”

“पाच मिनिटं हो! आधी माइक कसा वापरायचा ते दाखवते.”

माइक मी माझ्याच कानाला अडकवला आणि लागले शिकवायला. काडी ओठांपासून दोन बोटं लांब. श्वास असा घ्यायचा. ‘प’ म्हणताना तोंड जरा बाजूला. काय रंगले म्हणता! डोळे मिटून श्वास दाखवत होते मी. उघडले तर मुकादम गायब, निम्म्या बायका गायब. पाणी प्यायला गेल्या असतील म्हणून पुन्हा डोळे मिटले. थोड्या वेळाने बाहेर असा गलका सुरू झाला, की माझा ‘प’ मलाच ऐकू येईना.

आता मात्र माझं डोकं फिरलं. कानाला माइक तसाच ठेवून मी तरातरा बाहेर गेले.

बाहेर जीपला पाठ लावून मुकादम उभा होता, भोवती सगळ्या बायका आणि पुढे द्वारकाबाई.

“आमी काय येगळं मागतोय रं? नात माझी हातभरावर वाचली. मग कावून न्हाई म्हनतूस?”

“आवं मावशे, न्हाई कुठं म्हनलं? घेतो की एक बा...”

“शांतता राखा!” मी ओरडले आणि मंडपातला स्पीकरचा बॉक्स दणाणला. “आत बोलायला शिकवतेय ना मी? आधी शिका, मग बोला!”

सगळ्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मुकादमाचा चेहरा असा उजळला की विचारू नका. “म्याडमचं ऐका बायांनो, आधी शिका!” म्हणत त्याने जीपमध्ये उडी मारली आणि निघाला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं हो!

द्वारकाबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पदर खोचला आणि आरोळी ठोकली. “ये अंकुशाऽऽ! बाई घेनार का न्हाई, सांगून जाऽऽ!”

जीप एव्हाना ओढ्यापार गेली होती. ती करकचून थांबली. मुकादमाने मुंडकं बाहेर काढलं. “घेतो मावशे, घेतोऽऽ! समद्या गावाला कावून ऐकवती?”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून द्वारकाबाईंच्या पुढ्यात गेले. चुकलं म्हणाले. पण महिनाभर डोक्यात वळवळणारा प्रश्न काही गप्प बसेना.

“द्वारकाबाई, एक सांगा. एवढा आवाज आहे, मग सरावात गप्प का व्हायचात? कोणता माइक आवडला असता तुम्हाला?”

त्या अगदी जवळ आल्या आणि माझा हात धरून समजुतीने म्हणाल्या, “माइकचं काय न्हाई वो. समोर तुमीच बसायच्या. तुमाला समदं ठावं हाय. तेच ते किती डाव सांगायचं? सांगायचं तर त्याला व्हतं. तुमाला एवढं बी कळंना, म्हनून आमीच गप बसलो.”

माइक माझ्या कानाला तसाच होता आणि चालूही होता. महिनाभरात पहिल्यांदाच द्वारकाबाईंचा शब्द न् शब्द बॉक्समधून अख्ख्या गावाला स्वच्छ ऐकू गेला.