आपट्याखालच्या बाई

"हात फुडं कर!" एवढं म्हणून बाई डोळे बारीक करत आणि लाकडी पट्टी खाडकन खाली येई. पोरगं कळवळायच्या आत पुढचं वाक्य ठरलेलं असे, "रडतोस कशाला रं? तू पान ओरबाडलंस तवा झाड रडलं व्हय?"

आमच्या शाळेत त्या चित्रकला शिकवत. शाळा बेळगावबाहेर, मच्छे गावाच्या पलीकडे, आणि काळ ऐंशीच्या आसपासचा. मी गणिताचा मास्तर. माझाही हात काही हलका नव्हता, पण बाईंपुढे मी अगदीच गरीब गाय. वडगावच्या विणकराची मुलगी असलेल्या बाई माझ्या शेजारच्या खोलीत भाड्यानं एकट्या राहत. सकाळी त्यांच्या खोलीतून भांडं आपटल्याचा आवाज आला की आज वर्गात कुणाचं तरी काही खरं नाही, हे आम्ही ओळखायचो.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना प्रेम करतानाही आधी राग येतो. पळसाची फांदी तोडणाऱ्या एका शेळीवाल्यामागे बाई चप्पल घेऊन ओढ्यापर्यंत धावल्या होत्या. एका दसऱ्याला मी मोठ्या हौसेनं त्यांना सोनं द्यायला गेलो, तर त्यांनी ती पानं माझ्याच अंगावर भिरकावली. "मास्तर, ह्यो कांचन हाय. आपटा न्हवं. तुमी आपलं गणितच शिकवा!" मी हसत हसत घरी आलो, पण कान लाल झाले होते.

खरा आपटा गावात एकच उरला होता. माळावर पूर्वी आपटे, करंज, ऐन भरपूर होते म्हणतात. त्यातला अर्धा माळ कारखान्यांच्या शेडखाली गेला आणि उरलेल्यावर नीलगिरी लागली. दसऱ्याला सगळं गाव त्या एका झाडाखाली जमे. पाटील पूजा करत. हलगी वाढत वाढत जाई आणि एकदम थांबे. हलगी थांबणं हीच लुटायची खूण. मग जी झुंबड उडे, तिला सण म्हणायचं की दंगल, मला कधीच कळलं नाही. कुणाचं डोकं फुटे, कुणाचा सदरा फाटे, आणि झाडाच्या नुसत्या काड्या राहत. ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी पावसाळा सरला तरी झाडाची एक बाजू वाळकीच होती.

"अजून एक दसरा सोसायचं न्हाय ह्ये," बाई म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

पोरांनी पुठ्ठ्याची पानं कापली. आपट्याचं पान दोन पाकळ्यांचं, मधे खाच असलेलं. खाच चुकली की पट्टी. पिवळ्या रंगानं सगळ्या वर्गाचे हात रंगले. खऱ्या पानांऐवजी ही पानं घरोघर वाटायची, आणि दसऱ्याला पूजेआधी झाडापुढे पोरांचं नाटक करायचं. सातवीतली सुमन आपटा होणार होती. बाईंनी स्वतःच्या जुन्या साडीवर पुठ्ठ्याची पानं टाचून ती तिला गुंडाळली. हलगी वाजवायला सुमनचा बाप, मारुती. गावाची हलगीही तोच वाजवी. नाटकातली पोरं येऊन झाडाला लुटतात आणि झाड बोलू लागतं, एवढीच गोष्ट. लुटीआधी हलगी थांबवायची, असं बाईंनी मारुतीला बजावलं होतं.

तिथंच घात झाला. हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

हलगी वाढत गेली आणि थांबली. मागच्या गर्दीला नाटक दिसतच नव्हतं. त्यांना फक्त ती शांतता ऐकू आली. "लुटा!" कुणीतरी ओरडलं आणि सगळा माळ अंगावर आला. पुढचे ढकलले गेले. संधिप्रकाशात पिवळी पानं दिसताच हात पडले ते सुमनवर. मी कोपरं मारत पुढे घुसलो, तोवर बाईंनी पोरीवर अंग टाकलं होतं. त्यांच्या पाठीवर पाय पडत होते. साडी फाटल्याचा आवाज येत होता. पोर किंचाळत होती. बाई ओरडत होत्या की शिव्या देत होत्या, कळत नव्हतं.

गर्दी हटली तेव्हा सुमनचा खांदा निखळला होता, कपाळातून रक्त वाहत होतं. बाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं तुडवली जाऊन वाकडी झाली होती. झाडाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मारुती कुऱ्हाड घेऊन माळावर निघाला. आम्ही मागे धावलो. बाई दवाखान्यातून परतून आधीच तिथं उभ्या होत्या, हाताला प्लास्टर.

"बाजूला व्हा, बाई! ह्या झाडापायी पोर मेली असती माजी!"

"झाडानं काय केलं, मारुतीअण्णा? तिला हितं उभी मी केली."

"आणि हलगी मीच थांबवली न्हवं का!" तो किंचाळला आणि त्यानं खाडकन बाईंच्या मुस्काटात मारली. पुन्हा एक मारली. मी पुढे झालो, तर बाईंनी मला डोळ्यांनीच थोपवलं. ज्या बाईंनी आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं, त्या ओठातून रक्त गळत असताना एवढंच म्हणाल्या, "थांबवा म्हणून मीच सांगितलं हुतं. आणखी मारा. पर झाडाला हात लावू नगा."

मारुतीनं कुऱ्हाड टाकली आणि तो मटकन खाली बसून रडू लागला. मीही रडलो. लाज कसली त्यात!

शाळा कमिटीनं चार दिवसांत बाईंना काढून टाकलं. आम्ही मास्तर लोक बोललो, पण आमचं कोण ऐकतंय! त्या निघाल्या तेव्हा ट्रंक उचलायला मारुती आला. ती डोक्यावर घेऊन तो स्टॅंडपर्यंत आला. त्यानं ट्रंक एसटीच्या टपावर चढवली, दोरीनं आवळून बांधली आणि खिडकीखाली येऊन उभा राहिला.

"खांदा बरा झाला की सुमनला चित्रकलेला बसवा," बाई म्हणाल्या. "हात चांगला हाय पोरीचा."

"बसवतो की," मारुती म्हणाला. "पर शिकवणार कोण, बाई?"

गाडी सुटली. बाईंच्या जागी पुढे कुणी आलंच नाही. चित्रकलेच्या तासाला मी गणित घ्यायचो.