समुद्राकडच्या खिडक्या

वाऱ्याची इतकी बडदास्त ठेवणारा माणूस आमच्या दाजींखेरीज उभ्या पालघर जिल्ह्यात सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घाटावरून बोईसरला येऊन स्थिरावलेले आर्किटेक्ट. कुणाच्याही घरी गेले की पाण्याच्या आधी उदबत्ती मागतात. घरच्यांना वाटतं, काय भाविक माणूस! दाजी मात्र धूर कुठे वळतो ते पाहत घरभर हिंडतात आणि शेवटी कपाट सरकवायला लावतात. मनोरच्या एका लग्नात त्यांनी भरली पंगत उठवून वाऱ्याच्या बाजूला नेली. वधूपिता अजून त्यांच्याशी बोलत नाही. एसी हा शब्द ते शिवीसारखा उच्चारतात. ताई बिचारी फारच उकडलं की आमच्याकडे येऊन एसीत झोपते.

अशा माणसाला विद्यापीठाच्या नव्या इमारतीचं काम मिळाल्यावर काय विचारता! उन्हाच्या अंगाला जाड भिंती, रुंद ओसऱ्या, मधोमध चौक, गरम हवा निसटायला वर झरोके आणि समुद्राकडे ओळीने खिडक्या. ऐन उन्हाळ्यात वर्गातले पंखे बंद राहू लागले. सगळं साधलं होतं. फक्त त्या खिडक्यांच्या रेषेत मुरबे गावचा किनारा येतो आणि तिथे बोंबील वाळत घालतात, एवढं दाजींच्या ध्यानात आलं नव्हतं.

सुकवणी सुरू झाली आणि दाजींच्या लाडक्या वाऱ्याने बोंबलांचा वास थेट वर्गात आणून सोडला. देशावरचे प्राध्यापक नाकाला रुमाल लावून शिकवू लागले. खिडक्या कायमच्या बंद करून एसी बसवायचं जवळपास ठरलं. दाजींचं जेवणावरचं लक्ष उडालं. त्यांना धीर द्यायला विद्यापीठाच्या बैठकीला मीही गेलो. जन्माचे शाकाहारी दाजी उभे राहून म्हणाले, वास कुठे येतोय? कुणी हसलंसुद्धा नाही.

मग विद्यार्थ्यांचं मत विचारलं, तेव्हा मुरब्याची एक मुलगी उठली. "सर, वास सुकवणीपुरता हाय, वारा बारा महिने हाय. आन् त्याच बोंबलांवर आमी शिकलो. खिडक्या नका बंद करू."

कुलगुरूंनी समोरचा कागद बाजूला सारला. एसीचा विषय तिथेच मिटला.

बैठक पांगल्यावर दाजी रिकाम्या वर्गात खिडकीशी जाऊन बसले. वारा चांगला सुटला होता. "दाजी, जिंकलात," मी म्हणालो.

"खरं सांगू? मला हा वास अजिबात सोसत नाही रे," ते हळूच म्हणाले. त्यांनी खिशातून रुमाल काढला. मला त्यांच्याविषयी फार माया वाटली. रुमालाने त्यांनी डोळे तेवढे पुसले आणि अर्धवट लोटलेली खिडकी पूर्ण उघडली.