अर्ध्यावर उतरवलेलं शीड

प्राणहिता नदीच्या काठी गिरजाबाई धिवरीण नाव चालवायची, त्या ऐंशीच्या दशकात पावसाळा लागला की नाले रस्ता तोडून टाकत. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं तर नदीशिवाय वाट नसे. दवाखाना वरच्या अंगाला आणि गाव खाली, त्यामुळे जायचं ते धारेविरुद्ध. फुगलेल्या पाण्यात दोघांच्या वल्ह्यांनी नाव जागची हलत नसे. वारा पाठीशी हवा आणि शीड भरलेलं हवं, तरच ती वर सरकायची.

बाई सुकाणूला कशी आली, हे गावाला ठाऊक होतं. तिचा नवरा रामाजी पट्टीचा नावाडी. एका आषाढात आभाळ भरून आलं असताना, घर जवळ आलंच आहे म्हणून त्यानं शीड उतरवलं नाही. आडवा झोत आला, नाव कुशीवर पडली. नाव पुढं रेतीला लागलेली मिळाली, रामाजी मिळाला तो खूप खाली, ओळखू न येण्यासारखा. दिवसपाणी उरकल्यावर गिरजाबाईनं नाव डागडुजी करून घेतली, धाकटा दीर झिंगू याला शिडाच्या दोरीवर बसवलं आणि सुकाणूचं वल्हं स्वतःच्या हाती घेतलं. लोक आधी हसले, मग बसू लागले. तिची नाव उशिरा पोचते पण पोचते, असं म्हणू लागले.

त्या श्रावणात जंगलातल्या टोल्यावरून, त्या लहानशा वस्तीवरून, वारलू आपल्या बायकोला खाटेवर घालून घाटावर घेऊन आला. सोमारी पहिलटकरीण होती. पोट आदल्या दिवसापासून दुखत होतं आणि मूल आडवं आलं होतं. टोल्यावरच्या म्हाताऱ्या सुईणीनं हात टेकले होते. सोमारीचे ओठ पांढरे पडले होते. ती ओरडत नव्हती, हेच गिरजाबाईला वाईट लक्षण वाटलं.

"बाई, लवकर," वारलू म्हणाला. मराठी त्याला तेवढीच येत होती.

वारा चांगला होता. झिंगूनं शीड पूर्ण चढवलं आणि नाव धार कापत निघाली. मागून गावातला दुसरा नावाडी भैयाजी याची नाव येत होती. त्यात धानाची पोती होती. अर्धी वाट सरली तेव्हा मागचं आभाळ काळं झालं. पाण्यावर काळपट पट्टे धावू लागले. सुकाणूचं वल्हं गिरजाबाईच्या हाताला जड लागलं आणि डोलकाठीची दोरी गुणगुणू लागली. नावेची एक कड पाण्याच्या जवळ येत होती.

झिंगूनं तिच्याकडे पाहिलं. "वैनी, उतरवू का?"

तिनं सोमारीकडे पाहिलं. सोमारीचा हात खाटेच्या बाहेर लोंबत होता. वारलूला शब्द समजले नसतील, पण झिंगूचा हात दोरीच्या गाठीकडे गेलेला त्यानं पाहिला. तो ताडकन उठला.

"नाई! नाई, बाई!"

"बस खाली, नाव कलंडन!" गिरजाबाई ओरडली. मग झिंगूला म्हणाली, "अर्ध्यावर घे."

शीड अर्ध्यावर आलं, खालचं कापड झिंगूनं गुंडाळून बांधलं. नाव सरळ झाली आणि लगेच मंदावली. धार तिला मागं रेटू लागली. त्याच वेळी भैयाजीची नाव बाजूनं पुढं गेली. तिचं शीड फुगून टम्म झालं होतं.

"काऊन उतरवलं ओ?" भैयाजी हाकारून गेला.

गिरजाबाई झोताची वाट पाहत राहिली. काळं आभाळ आलं, आणि पलीकडच्या तीराकडे वळलं. तिकडच्या सागवानाच्या माथ्यावर पाऊस कोसळताना दिसला. नदीवर मात्र थेंबसुद्धा पडला नाही. मग वाराच पडला. तिनं शीड पुन्हा पूर्ण चढवायला सांगितलं, पण ते रिकाम्या पोत्यासारखं लोंबत राहिलं. झिंगू आणि वारलू वल्ही मारत राहिले. वारलूच्या हातांची सालटी निघाली.

वरचा घाट दिसू लागला तेव्हा गिरजाबाईनं वाकून सोमारीच्या नाकाशी हात नेला. तो तिथंच राहिला. वारलू पाठमोरा वल्हं मारत होता. त्याला हाक कशी मारावी, हे तिला कळेना.

घाटावर भैयाजी पोती उतरवत होता. तो डोक्याचा रुमाल काढून उभा राहिला. दवाखान्यातली नर्सबाई घाटापर्यंत आली. गिरजाबाईनं तिला बाजूला घेऊन विचारलं, "थोडं आधी आलो असतो तं?"

नर्सबाई तरुण होती, तिला खोटं बोलता आलं नाही. "आई वाचली असती, कदाचित. लेकराचं सांगता येत नाही."

परतीच्या वाटेला शीड लागलं नाही. धारेनंच नाव खाली नेली. वारलू सोमारीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

त्या पावसाळ्यात पुष्कळ लोक भैयाजीच्या नावेत बसू लागले. गिरजाबाईनं कुणाला काही सांगितलं नाही. एकदा झिंगू चिडून म्हणाला, "वैनी, शीड भरलेलं असतं अन् झोत आला असता तं सगळेच मेलो असतो. सांगत काऊन नाईस तू?"

"आला नाई न पण," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी भादव्यात वारलू पुन्हा घाटावर आला. या वेळी त्याच्या म्हाताऱ्या आईला ताप डोक्यात चढला होता. भैयाजीची नाव वर गेलेली होती. गिरजाबाईला वाटलं, हा थांबेल. तो आईला उचलून तिच्या नावेत बसला.

मधल्या पात्रात वारा चढला. दोरी गुणगुणू लागली. झिंगूनं नुसतं पाहिलं. गिरजाबाईनं मागच्या आभाळाकडे पाहिलं. एक वर्ष तिनं रोज ती एक घडी परत परत जगून पाहिली होती, आणि कधी शीड उतरवलं होतं, कधी तसंच ठेवलं होतं. आता वारलू तिच्याकडेच पाहत होता.

"अर्ध्यावर घे," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही. झिंगूनं ओठांवरून ओळखलं.

वारलू उठला नाही, ओरडलाही नाही. त्यानं आईचं डोकं गाठोड्यावर टेकवलं, पायाशी पडलेलं वल्हं उचललं आणि मारायला लागला. झोत आला. नाव कलली, पाणी आत आलं, पण ती उभी राहिली.

म्हातारी वाचली, पण ऐकू येणं गेलं तिचं. वारलू पुढं अधूनमधून नावेत बसायचा, उतरताना मान हलवायचा. सोमारीचं नाव दोघांनीही कधी काढलं नाही.